बोटांनीं शिकलेलीं अक्षरें

पंतोजींच्या शाळेंत मुलाचें अक्षरज्ञान धूळपाटीवर सुरू होई. पंतोजी मुलाचें बोट धरून 'ओनामासीधं' गिरवून घेत. त्या पद्धतींत छडी व घोकंपट्टी फार होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु अक्षर आधीं बोटास कळावें, ही खूण खरी होती.

हेंच मर्म पुढें रोम शहरीं हातीं आलें. ता. ६ जानेवारी १९०७ रोजीं, तीन राजांच्या सणादिवशीं, मारिया माँटेसोरी ह्या डॉक्टरबाईंनीं सान लोरेंझो ह्या गरीब वस्तींत 'बालकांचें घर' उघडलें. इतक्या लहानांस लिहिणें शिकविण्याचा बाईंचा विचार नव्हता. निरक्षर आयांनींच आग्रह धरला. तेव्हां खरखरीत पॉलिशकागदाचीं अक्षरें कापून पुठ्ठ्यावर चिकटविलीं. मुलें त्यांवरून बोट फिरवीत व अक्षराचा ध्वनि उच्चारीत. डिसेंबरांत एके दिवशीं गच्चीवर बाईंनीं एका मुलास खडू देऊन धुराड्याचें चित्र काढावयास सांगितलें. चित्र संपतांच, आपल्यास लिहितां येतें असें ओरडत तो 'हात', 'धुराडें', 'छप्पर' हे शब्द आपल्या इटालियन भाषेंत जमिनीवर लिहीत सुटला! त्यापूर्वीं त्यानें एकही शब्द लिहिला नव्हता.

भावनगरास गिजुभाई बधेकांसमवेत हीच पद्धति राबविलेल्या ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं, तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत, बोर्डीस बालशिक्षणाचें केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. विलायती साधनें महाग. म्हणून खडे, शिंपले, पानें व बिया ह्यांवरच मुलांचीं बोटें तयार होऊं लागलीं. गरिबांचीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां ताराबाईंनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथलाच.