परीक्षेच्या आधींची परीक्षा

चढाओढीच्या परीक्षांविषयीं बोलूं लागलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रश्नपत्रिका, गुण आणि निकाल एवढ्याच गोष्टी उभ्या राहतात. परंतु निवडक माध्यमिक शाळांच्या प्रवेशपरीक्षांचा इतिहास पाहूं गेल्यास असें दिसून येतें कीं, पुष्कळांचा निकाल प्रश्नपत्रिका हातीं पडण्यापूर्वींच लागलेला असतो. परीक्षेस कोणीं बसावें हें ठरविणारे नियम हीच खरी पहिली परीक्षा होय. इंग्लंडच्या इतिहासांत ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. म्हणून आज आपण मुख्यतः तिकडचा वृत्तांत पाहूं आणि शेवटीं आपल्या अमरावतीस येऊं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील मजुरांचीं व कारागिरांचीं मुलें प्राथमिक शाळेंत जात आणि बहुतेकांचें शिक्षण तेथेंच संपे. माध्यमिक शाळा ही फी भरूं शकणाऱ्यांची. १९०२ च्या कायद्यानें ह्या शाळांस स्थानिक करांतून साहाय्य मिळूं लागलें, तरी फीचा उंबरठा कायम राहिला. १९०७ सालीं सरकारनें नियम केला कीं, पूर्ण अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळेनें साधारणतः शेंकडा २५ जागा प्राथमिक शाळांतील मुलांना मोफत द्याव्या. ह्या जागेसाठीं येणाऱ्या मुलानें त्यापूर्वीं निदान दोन वर्षें सार्वजनिक प्राथमिक शाळेंत काढलेलीं असावीं, अशी अट होती. घरीं शिक्षक ठेवून किंवा खासगी शाळेंत घालून तयार केलेल्या मुलांनीं ह्या जागा अडवूं नयेत, हा तिचा अर्थ. अट म्हटली म्हणजे दार लावणारी, असा आपला समज असतो. येथें मात्र गरिबासाठीं दार उघडें राहावें म्हणून ती घातलेली होती.

पण दार उघडें असून भागत नाहीं. तेथवर जाणारी वाटहि असावी लागते. मोफत जागा थोड्या आणि मागणारे फार, यामुळें साधी योग्यतेची चाचणी लवकरच चढाओढीची झाली. जागा मिळूनहि कित्येक आईबापांना ती नाकारावी लागे. कारण गणवेष व पुस्तकें यांचा खर्च झेपत नसे, आणि मुलाची मजुरी बुडे ती वेगळीच. नॉर्थंबरलंड परगण्यांतील अनेक खेडेगांवच्या शाळांतून तर परीक्षेस कोणी बसतच नसे. नियमानें त्या मुलांस बंदी नव्हती. त्यांचीं नांवें कोणी पाठवीत नसे एवढेंच. अशा आडगांवच्या हुषार मुलांचा शोध लागावा म्हणून न्यूकॅसल येथील प्राध्यापक गॉडफ्रे टॉमसन यांनीं १९२१ च्या सुमारास बुद्धिमापनाच्या चाचण्या रचल्या. पुढें ज्या चाचण्यांवर गरिबांच्या मुलांना वगळल्याचा आरोप आला, त्यांचा हा एक उगम त्यांना शोधून काढण्याच्या इच्छेंत आहे, हें विसरूं नये. १९३२ सालीं आर्थिक मंदीच्या काळांत मोफत जागांच्या ‘विशेष जागा’ झाल्या, आणि फीची सूट आईबापांच्या मिळकतीवर अवलंबून राहिली.

१९४४ च्या बटलर यांच्या कायद्यानें सरकारी व्यवस्थेंतील माध्यमिक शिक्षणाची फी गेली. आतां अकराव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा द्यावी, उत्तीर्ण व्हावें आणि ग्रामर स्कुलांत जावें. राहिलेल्यांनीं दुसऱ्या शाळांत. पैशाची अट गेली, तथापि तिच्या जागीं वयाची व गांवाची अट आली. ऑगस्टांत जन्मलेलें मूल त्याच वर्गांतील सप्टेंबरच्या मुलाहून जवळजवळ एक वर्षानें लहान. म्हणून गुणांत वयाचा हिशेब धरावा लागला. राहत्या गांवाचा हिशेब मात्र कोणी धरला नाहीं. वेल्समधील कित्येक भागांत ग्रामर स्कुलांच्या जागा पुष्कळ, तर इंग्लंडांतील अनेक शहरांत अगदीं मोजक्या. तेच गुण एके ठिकाणीं विद्वत्तेची वाट दाखवीत, दुसरीकडे ती बंद करीत.

मुलींची कथा याहून बोलकी आहे. त्या वयांत मुली बहुधा मुलांपेक्षां अधिक गुण मिळवीत. उत्तर आयर्लंडांत मुलांची व मुलींची यादी निराळी करीत. त्यामुळें अधिक गुण मिळविलेल्या मुली मागें राहत आणि कमी गुणांचे मुलगे आंत जात. १९८८ सालीं न्यायालयानें ही रीति बेकायदा ठरविली. बर्मिंगहॅम शहरांत मुलग्यांस सुमारें ५४० जागा होत्या आणि मुलींस सुमारें ३६०. नगरपालिकेचा हेतु वाईट नव्हता. त्या शाळा जुन्या काळापासून तशाच चालत आल्या होत्या. तरीहि १९८९ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें निर्णय दिला कीं, हेतु कोणताहि असो, मुलीस केवळ मुलगी म्हणून कमी संधि मिळते हा भेदभावच होय.

१९६५ नंतर इंग्लंडांतील बहुतेक ठिकाणीं ही निवड बंद झाली. आज तेथें अशा १६३ शाळा उरल्या आहेत, आणि १९९८ च्या कायद्यानें नव्या निवडक शाळा काढण्यास मनाई आहे.

आपल्या देशांत मात्र अशा शाळांचा एक मोठा प्रयोग त्यानंतरचा आहे. १९८५-८६ सालीं पहिलीं दोन नवोदय विद्यालयें निघालीं. एक हरियाणांत झज्जर येथें आणि दुसरें आपल्या अमरावतीस. सहावीच्या प्रवेशपरीक्षेस मूल आयुष्यांत एकदांच बसूं शकतें, तेंहि आपल्याच जिल्ह्यांतून. निदान शेंकडा ७५ जागा ग्रामीण मुलांच्या, व एक तृतीयांश मुलींच्या. ग्रामीण म्हणविण्यासाठीं तिसरी, चौथी व पांचवी हीं तीनहि वर्षें खेड्यांतील शाळेंत गेलीं पाहिजेत. १९०७ च्या दोन वर्षांच्या अटीचें हें भावंडच आहे. शहरांतील सुस्थितीच्या मुलांनीं खेड्याचा वांटा घेऊं नये, हाच हेतु. पण कामासाठीं बाप शहराकडे गेला आणि त्याचें मूल चौथींत कांहीं काळ तेथील शाळेंत बसलें, तर त्याच अटीनें तें शहरी ठरतें. ज्याच्यासाठीं नियम केला, त्यालाच तो केव्हां केव्हां अडवितो तो असा.

ह्यावरून अटीच नसाव्या, असें मात्र निघत नाहीं. अट काढून टाकली तर सामर्थ्यवानच आधीं आंत शिरतात. परंतु परीक्षेच्या निकालाची जशी आपण छाननी करतों, तशीच छाननी परीक्षेस बसूं न शकलेल्यांची झाली पाहिजे. निकालाच्या यादींत नापासांचा निदान आंकडा तरी असतो. दारापर्यंत जे पोंचलेच नाहींत, ते कोणत्याच यादींत नसतात.