कबुतरांना दाणे, कबुतरांना काटे

राजे, लढाया आणि तह यांच्याबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज मी बोलणार आहे बोटभर लांबीच्या एका तारेबद्दल. ती तुम्ही पाहिलेली आहे. इमारतीच्या सज्जावर, एसीच्या बाहेरच्या पेटीवर, दुकानाच्या पाटीवर पारदर्शक प्लास्टिकची एक पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यातून स्टीलच्या तारा पंख्यासारख्या फाकून वर आलेल्या असतात. बाजारात तिला ‘बर्ड स्पाइक’ म्हणतात. कबुतरांनी बसू नये म्हणून लावलेले हे काटे. त्यांना जवळजवळ दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सांगताना मला पुन्हा पुन्हा जयपूरला यावं लागणार आहे.

जयपूरच का? कारण तिथे हा प्रश्न एका फेरफटक्यात दिसतो. रामनिवास बागेतल्या अल्बर्ट हॉल संग्रहालयासमोर उभे राहा. 1876 साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीत या इमारतीची पायाभरणी झाली आणि 1887 साली संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. आज तिच्यासमोर कबुतरांचे थवेच्या थवे उतरतात. दाणे विकणारे बसलेले असतात, लोक ते विकत घेऊन उधळतात, कबुतरं एकदम उडाली की फोटो काढतात. तिथून पायी अर्ध्या तासात तुम्ही जुन्या शहरात हवामहलपाशी पोहोचता. वाटेत मान वर करून चाललात तर सज्जे, छत्र्या, कमानी, जाळ्या दिसतील, आणि जिथे बोटभर जागा आहे तिथे कबुतर दिसेल. खाली दाणे टाकणारं शहर आणि वर कबुतरांमुळे वैतागलेलं शहर ही दोन वेगळी शहरं नाहीत.

आता थोडं कबुतराकडे वळू. आपल्या शहरांतलं कबुतर म्हणजे पारवा. मराठीत त्याच्या रंगावरूनच आपण ‘पारवा रंग’ म्हणतो. हा मूळचा झाडावरचा पक्षी नाही, तो कड्याकपारीतला आहे. खडकातल्या अरुंद कंगोऱ्यावर चार काड्या टाकायच्या आणि दोन अंडी घालायची, एवढाच त्याचा संसार. पिल्लांना तो आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं द्रव्य भरवतो. म्हणून त्याला पिल्लांसाठी किडे शोधत हिंडावं लागत नाही, आणि दाणा भरपूर असेल तर वर्षातून अनेकदा वीण होते. या दोन गोष्टी लक्षात ठेवा: कडा आणि दाणा. पुढचा सगळा इतिहास या दोन शब्दांभोवती फिरतो.

माणसाने दगडी इमारती बांधल्या तेव्हा पारव्याच्या दृष्टीने त्याने नवे कडेच उभे केले. आपल्या जुन्या वाड्यांच्या वळचणीला, देवळांच्या शिखरांवर पारवे घुमायचे ते यामुळेच. जयपूरमध्ये तर अशा कड्यांची रेलचेल आहे. 1727 साली सवाई जयसिंहांनी हे शहर वसवलं, आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. सरळ रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना एका ओळीत दुकानं आणि वर सलग सज्जे. 1799 साली सवाई प्रतापसिंहांनी हवामहल बांधला. पाच मजले, 953 झरोके. राजघराण्यातल्या स्त्रियांना पडद्याआडून मिरवणुका पाहता याव्यात म्हणून ही रचना केली, असं आपण वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण प्रत्येक झरोक्याला छोटं छप्पर, प्रत्येक छपराला कंगोरा. हे सगळं माणसाने केलं माणसासाठी. पारव्याला मात्र त्यात पाच मजल्यांचा कडा मिळाला.

आणि दाणा? तोही माणसानेच दिला. राजस्थानात पक्ष्यांना घालायच्या दाण्यांना ‘चुग्गा’ म्हणतात. उन्हाळ्यात झाडांना मातीची पाण्याची भांडी बांधतात, त्यांना ‘परिंडे’ म्हणतात. जैन आणि वैष्णव घरांत हे नित्याचं पुण्यकर्म आहे. दरबारी शौकही होता. जयपूरच्या राजघराण्याचे पूर्वज ज्या मुघल दरबारात मानकरी होते, त्या अकबराच्या दरबारात वीस हजारांहून जास्त कबुतरं होती, असं अबुल फजलने ‘आइने अकबरी’त नोंदवलं आहे. कबुतर उडवण्याच्या या छंदाला तिथे ‘इश्कबाजी’ म्हणत. म्हणजे कबुतर आपल्या शहरात चोरपावलांनी आलेलं नाही. आपण त्याला घर दिलं, खाऊ घातलं, कौतुकही केलं.

मग काटे कुठून आले? त्यासाठी जयपूर जरा बाजूला ठेवून जेरुसलेमला जाऊ. हेरोद राजाने तिथलं ज्यू लोकांचं मंदिर भव्य स्वरूपात नव्याने बांधून घेतलं, आणि इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने ते उद्ध्वस्त केलं. त्या काळात हयात असलेला इतिहासकार जोसेफस याने मंदिराचं तपशीलवार वर्णन केलं आहे. तो सांगतो की मंदिराच्या माथ्यावर टोकदार सोनेरी सळया होत्या, आणि त्या कशासाठी, तर पक्ष्यांनी वर बसून मंदिर विटाळू नये म्हणून. ज्यूंच्या ‘मिश्ना’ या धर्मग्रंथातही मंदिराची मापं देताना ‘कावळे हाकलणारं’ अशा अर्थाच्या एका भागाचा उल्लेख येतो. तुमच्या आमच्या एसीवरच्या पट्टीचा हा पूर्वज थेट देवाच्या घरावर होता.

त्याच्याही आधी ग्रीकांना ही डोकेदुखी होती. इसवी सनापूर्वी 414 मध्ये अॅरिस्टोफेनिसचं ‘पक्षी’ हे विनोदी नाटक रंगमंचावर आलं. त्यात पक्ष्यांचा मेळा परीक्षकांना दम देतो की आम्हाला बक्षीस दिलं नाहीत, तर पुतळ्यांसारखी तांब्याची चकती डोक्यावर बसवून घ्या, नाहीतर पांढरे कपडे घालून बाहेर पडाल तेव्हा बघून घेऊ! प्रेक्षक यावर हसले असणार, कारण उघड्यावरच्या पुतळ्यांचे हाल त्यांनी रोज पाहिलेले होते.

या जुन्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. काटा किंवा चकती बसवली जायची ती एका खास जागेवर, मंदिराच्या माथ्यावर किंवा पुतळ्याच्या डोक्यावर. सगळ्या शहरातून पक्षी घालवावेत असा तो बेत नव्हता. एवढी एक जागा स्वच्छ राहावी, इतकीच मागणी होती, आणि तेवढ्यापुरतं ते चालत असे.

विसाव्या शतकात चित्र बदललं. शहरं वाढली, धान्य आणि उष्टंखरकटं वाढलं, कबुतरं वाढली. 1950 पासून अमेरिकेत ‘निक्सालाइट’ या नावाने स्टीलच्या काट्यांच्या पट्ट्या तयार होऊ लागल्या. देवळाच्या माथ्यावरची वस्तू कारखान्यात गेली आणि पुढे मीटरवर मिळू लागली. बंदरात उभ्या बोटींच्या टपावर समुद्रपक्षी बसू नयेत म्हणूनही हेच काटे लागतात.

काट्याचं काम साधं आहे. पक्ष्याला जखम करणं हा त्याचा हेतू नाही; चांगल्या पट्टीतल्या तारांची टोकं बोथट असतात. उतरताना पाय टेकायला सपाट जागा मिळू द्यायची नाही, एवढंच. कड्यावरचा कंगोराच काढून घेतला म्हणा ना.

पण दाणा तसाच राहिला तर? तर कबुतर शेजारच्या सज्जावर जातं. शेजारी काटे लावतो, ते पलीकडे जातं. संख्या तेवढीच, फक्त पत्ता बदलतो. काट्यांत पानं आणि कचरा साचला की त्याच तारांचा आधार घेऊन कबुतर घरटंही बांधतं. 2023 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी याहून गमतीची नोंद प्रसिद्ध केली. तिथल्या रॉटरडॅममध्ये कावळ्याने आणि शेजारच्या बेल्जियममधल्या अँटवर्पमध्ये मॅगपाय पक्ष्याने इमारतींवरचे हे काटे उपटून घरट्यात वापरले होते. अँटवर्पच्या एका घरट्यात सुमारे 1500 काटे निघाले. मॅगपायने ते घरट्याच्या छपरात लावले होते, बहुधा इतर पक्ष्यांना दूर ठेवण्यासाठी. म्हणजे आपली युक्ती पक्ष्याने आपल्याच वस्तूने आपल्या घराला वापरली.

जुन्या वास्तूंवर आणखी एक अडचण येते. जयपूरचा गुलाबी रंग म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावर दिलेला गेरूसारखा रंग. त्यावर पट्टी चिकटवली तर ती निघताना गिलाव्याचा पापुद्रा घेऊन निघते, आणि खिळे मारले तर भोकांतून पाणी शिरतं. काही केलं नाही, तर विष्ठेतलं आम्ल चुन्याला आणि दगडाला खातं. जंतरमंतरमधल्या जयप्रकाश यंत्राची गोष्ट घ्या. जमिनीत खोदलेल्या त्या वाटीसारख्या यंत्रात संगमरवरावर बारीक रेषा कोरल्या आहेत आणि त्यांवरून सूर्याचं स्थान वाचायचं असतं. तिथे घाणीचा थर म्हणजे नुसता अस्वच्छपणा नाही, वाचायचा मजकूरच झाकला जाणं आहे. जंतरमंतर 2010 पासून आणि जयपूरचं तटबंदीतलं शहर 2019 पासून जागतिक वारसा यादीत आहे. म्हणून तिथे एक पट्टी लावण्याआधीसुद्धा दहादा विचार करावा लागतो.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीमुळे काही लोकांच्या फुप्फुसांना सूज येते. तिला ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ म्हणतात. ती वर्षानुवर्षं चालू राहिली तर फुप्फुसं निबर होत जातात आणि ते नुकसान भरून येत नाही. मुंबईत जुलै 2025 मध्ये राज्य सरकारने कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश महापालिकेला दिले ते याच कारणाने. पुढचं तुम्ही पाहिलं आहेच. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली गेली, ऑगस्टमध्ये आंदोलकांनी ती फाडली, प्रकरण उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका बाजूला श्वास लागणारी माणसं, दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांचं पुण्यकर्म. यात कुणाला हसण्यासारखं काही नाही.

बाहेरच्या शहरांनी काय केलं ते पाहू. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात पूर्वी दाणे विकण्याचा रीतसर परवाना असे. 2001 च्या सुमारास तो बंद झाला, 2003 मध्ये दाणे टाकायला बंदी आली आणि थवे ओसरले. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात 2008 मध्ये दाणे विकणं थांबवलं. मला सगळ्यांत जास्त पटतं ते स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराचं उदाहरण. तिथे पूर्वी कबुतरं मारून, पकडून पाहिली होती. संख्या परत पूर्वीइतकी होई. 1988 पासून त्यांनी लोकांना समजावायला सुरुवात केली की तुमच्या जास्तीच्या दाण्यामुळे गर्दी होते आणि त्या गर्दीत पिल्लं रोगाने मरतात. जोडीला काही देखरेखीतली खुराडी बांधली आणि तिथली अंडी काढून घेतली. चार-पाच वर्षांत कबुतरं जवळपास निम्म्यावर आली. दया सोडा, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दयेची रीत बदला, असं सांगितलं.

जयपूरला, आणि आपल्या मराठी शहरांनाही, मला यातलंच घ्यावंसं वाटतं. एप्रिल-मेच्या उन्हात झाडाला बांधलेला परिंडा बुलबुलाला, चिमणीला, मैनेला, खारीला सगळ्यांना वाचवतो. चौकात ओतलेलं पोतंभर धान्य मात्र मुख्यतः एकाच पक्ष्याच्या वाट्याला जातं, आणि त्याचा त्रास बाजूच्या इमारतीतल्या दम्याच्या रुग्णाला होतो. पुण्यकर्मातून पोतं वजा केलं आणि पाणी ठेवलं, तर परंपरेचं काही बिघडत नाही.

काटे लावू नका असं मी म्हणत नाही. हॉस्पिटलच्या खिडकीवर, पाण्याच्या टाकीजवळ, एखाद्या नाजूक शिल्पावर अडथळा हवाच. पण क्रम महत्त्वाचा. आधी दाणा आवरायचा. मग पोकळ जागा बुजवायच्या आणि नव्या बांधकामात सज्जाला उतार द्यायचा. काटे सगळ्यांत शेवटी, आणि जेरुसलेमसारखे मोजक्या जागी. आज आपण नेमकं उलट करतो: सकाळी एका हाताने दाणे टाकतो आणि दुपारी दुसऱ्या हाताने काट्यांची पट्टी मागवतो. कबुतराने आपला स्वभाव बदललेला नाही. त्याला कडा दिसला की ते बसतं, दाणा दिसला की ते उतरतं. कडाही आपला आणि दाणाही आपलाच, त्यामुळे निर्णयही आपल्यालाच घ्यायचा आहे.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावात पक्ष्यांना दाणापाणी द्यायची काय पद्धत होती, आणि आज तिचं काय झालं आहे, ते घरातल्या जुन्या माणसांना जरूर विचारा. भेटू पुढच्या भागात.