डब्यावरील अंकांचा अर्थ : जुन्या मोटारींच्या गिअर-तेलाविषयी

'वंगण' हा शब्द मराठीत मोटारीच्या आधीपासून आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणारा गाडीवान त्याची परीक्षा बोटांनी करी. अंक वाचण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नसे. मोटारीच्या गिअर-पेटीतील तेल मात्र डब्यावरील अक्षरे व अंक पाहून निवडावे लागते. जुनी मोटार जतन करणाऱ्याची अडचण येथेच सुरू होते. त्याच्या हातातील पुस्तिका एका काळातील असते, तर डबा दुसऱ्या काळातील. चिन्हाचे मूल्य ते ज्या व्यवस्थेत वावरते तिच्यावर अवलंबून असते, हे भाषाशास्त्रातील तत्त्व सर्वपरिचित आहे. ते तेलाच्या डब्यालाही कसे लागू पडते, हे तीन उदाहरणांवरून पाहता येईल.

पहिले उदाहरण फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल ए' मोटारीचे. डिसेंबर १९२७ मध्ये ती बाजारात आली. तिच्या तीन वेगांच्या गिअर-पेटीसाठी '६०० डब्ल्यू' हे तेल सांगितलेले असे. आजच्या वाचकास हा अंक घट्टपणाचा आणि 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे वाटेल. परंतु दोन्ही तर्क चुकीचे ठरतात. '६०० डब्ल्यू' हे व्हॅक्यूम ऑइल कंपनीच्या एका तेलाचे व्यापारी नाव होते आणि ते तेल मुळात वाफेच्या इंजिनांच्या सिलिंडरांसाठी केलेले होते. गिअर-पेटीत त्याचा उपयोग होई तो त्याच्या जाडपणामुळे. या पेटीतील चक्रे सरकवून एकमेकांत गुंतवावी लागत. त्यांची गती जुळविणारी कडी तीत नव्हती. अशी कडी असलेली गिअर-पेटी कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये आणली. 'मॉडेल ए'च्या पेटीत क्लच दाबल्यावर जाड तेल फिरत्या चक्रांना आवरी आणि गिअर न करकरता पडे. तेल पातळ घातल्यास चक्रे फिरतच राहतात व दात दातांवर घासतात.

दुसरे उदाहरण अंकांच्या दोन श्रेणींचे आहे. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एस. ए. ई.ने, इंजिन-तेलासाठी एक आणि गिअर-तेलासाठी दुसरी अशा दोन स्वतंत्र श्रेणी प्रचारात आणल्या. १०० अंश सेल्सिअस तापमानास गिअर-तेलाचा ९० हा अंक आणि इंजिन-तेलाचे ४० व ५० हे अंक जवळजवळ सारखाच घट्टपणा दर्शवितात. हे ठाऊक नसल्यास, १९६२ साली निघालेल्या 'एम. जी. बी.' या ब्रिटिश मोटारीच्या गिअर-पेटीत इंजिनाचेच तेल घालावे ही तिच्या पुस्तिकेतील सूचना छपाईची चूक वाटण्याचा संभव आहे. शिवाय या श्रेणीही स्थिर राहिलेल्या नाहीत. २००५ साली ९० या वर्गाचा वरचा भाग तोडून ११० हा नवा वर्ग करण्यात आला. अंक तोच राहिला, त्याची व्याप्ती मात्र आकुंचित झाली. शब्दार्थाच्या इतिहासात अर्थसंकोच म्हणतात तो हाच.

तिसरे उदाहरण सर्वांत घातक होय. पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये मागील आसासाठी हायपॉइड जातीची दंतचक्रे स्वीकारली. या चक्रांचे दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवरून घसरतात. साधे तेल तेथे टिकत नाही. म्हणून तेलात गंधकाची व पुढे स्फुरदाची संयुगे मिसळण्यात येऊ लागली. तप्त पोलादावर त्यांचा रक्षक थर बसतो. पुढे 'जी. एल. ४' व 'जी. एल. ५' अशा संज्ञा रूढ झाल्या. पाचाच्या वर्गात ही द्रव्ये चाराच्या साधारण दुप्पट असतात. परंतु गिअर-पेटीतील गती जुळविणारी कडी पुष्कळदा पितळेची असतात आणि क्रियाशील गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना झिजवितो. शिवाय या कड्यांना थोडे घर्षण आवश्यकच असते. अतिशय निसरड्या तेलात त्यांचे काम बिघडते. काही अलीकडील तेलांत गंधकाची ही क्रिया आटोक्यात ठेवलेली असते. तथापि केवळ 'जी. एल. ५' या संज्ञेवरून तशी ग्वाही मिळत नाही.

पाच हा चाराहून मोठा, म्हणून पाचाचे तेल अधिक चांगले, असा समज येथे होतो. वस्तुतः हे अंक दर्जाचा क्रम लावीत नाहीत; ते कामाचे भेद सांगतात. मागील आसास जे हितकारक तेच गिअर-पेटीस अपायकारक ठरू शकते. हा अपाय लगेच दिसतही नाही. कडी हळूहळू झिजतात, आणि ज्या मोटारीचे सुटे भाग घडविणे कधीच थांबले आहे तिच्या बाबतीत ही हानी भरून काढणे दुष्कर होते.

तात्पर्य, जुन्या पुस्तिकेतील अंक आजच्या डब्यावर शोधणे हे वाचन नव्हे. तो अंक कोणत्या सालचा व कोणत्या श्रेणीतील हे प्रथम ठरवावे. त्यावरून अपेक्षित घट्टपणा काढावा. पेटीत पितळ आहे की नाही ते पाहावे. आणि मगच तेल निवडावे. जुना ग्रंथ वाचताना आपण शब्दाचा तत्कालीन अर्थ शोधतो. जुन्या यंत्राच्या पुस्तिकेचाही तेवढाच अधिकार आहे.