पावसाळ्यातील घरचा सायकल सराव : माफक खर्चात सॉफ्टवेअर कसे निवडावे?

जून उजाडला की मावळातील सायकलपटूंचे वेळापत्रक कोलमडते. लोणावळ्यात वर्षाकाठी साधारण चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील खड्डे पाण्याखाली जातात आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारींनी रस्ते तुंबतात. द्रुतगती मार्गावर सायकलला मुळातच मज्जाव आहे. अशा दिवसांत सायकल बाहेर काढणे हे धाडस नव्हे, निव्वळ अविचार ठरतो.

मात्र चार महिने सायकल भिंतीला टेकून ठेवावी, तर शरीराची कमावलेली क्षमता निसटून जाते. आणि पाऊस सरताच लांब पल्ल्याचा मोसम सुरू होतो. पुणे ते गोवा हे अंतर न थांबता कापण्याची डेक्कन क्लिफहँगर स्पर्धा पावसाळ्यानंतरच होते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय मान्यतेची टप्प्याटप्प्यांची शर्यत पुणे जिल्ह्यात झाली आणि मावळ-मुळशीचे रस्ते सायकलविश्वाच्या नजरेत आले. साहजिकच घरात ट्रेनरवर सायकल लावून सराव करण्याकडे अनेकांचा कल वाढत आहे. त्यासाठीचे सॉफ्टवेअर निवडताना मात्र जाहिरातींमुळे गोंधळ उडतो आणि पैसा नको तेथे खर्च होतो.

आधी मोजमाप, मग सॉफ्टवेअर

एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. सॉफ्टवेअर पायांना बळ देत नाही. मोजलेल्या आकड्यांना ते केवळ अर्थ देते. आकडाच चुकीचा असेल, तर महागड्या वर्गणीचाही उपयोग नाही. म्हणून खर्चाचा पहिला मान मोजणाऱ्या साधनाचा, दुसरा पंख्याचा आणि अखेरचा सॉफ्टवेअरचा.

बोरघाटाचे उदाहरण घेऊ. खोपोलीपासून लोणावळ्याच्या पठारापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची चढावी लागते. चालक ७० किलो आणि सायकल व सामान १० किलो धरल्यास एकूण ८० किलो वजन तेवढे वर नेण्यासाठी सुमारे ३ लाख ९२ हजार ज्यूल ऊर्जा लागते. पेडलवर सतत २०० वॉट शक्ती लावली, तर निव्वळ चढाईसाठी साडेबत्तीस मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागेल. वारा आणि रस्त्याचे घर्षण यांची भर वेगळी. १९० वॉट लावले, तर हाच वेळ सुमारे पावणेदोन मिनिटांनी वाढतो. याचाच अर्थ, मापकात पाच टक्क्यांची चूक असेल, तर घाटातला अंदाजही पावणेदोन मिनिटांनी चुकतो.

नाडीच्या ठोक्यांवर विसंबून सराव का करू नये, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. पावसाळ्यात मावळातील हवा दमट असते. बंद खोलीत घाम वाळत नाही, शरीर तापते आणि तेवढ्याच श्रमाला ठोके वाढत जातात. वॉट मात्र पेडलवर प्रत्यक्ष लागलेली शक्तीच सांगतात. ठोके आणि वॉट दोन्ही नोंदवल्यास शरीर किती थकले आहे, याचा अधिक नेमका अंदाज येतो.

साधने तीन प्रकारची

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे द्रवाच्या किंवा चुंबकाच्या रोधावर चालणारा साधा ट्रेनर आणि मागच्या चाकाला वेगमापक. अनेक सॉफ्टवेअरमध्ये प्रचलित ट्रेनरचे गणित आधीच भरलेले असते. वेगावरून ते शक्तीचा अंदाज बांधतात. हा आकडा खरा असेलच असे नाही. तथापि टायरमधील हवेचा दाब आणि चाकावरील रोलरची पकड दर वेळी सारखी ठेवली, तर स्वतःची कालची व आजची कामगिरी ताडून पाहण्यास तो पुरतो. इतरांशी तुलना करण्यास मात्र तो उपयोगाचा नाही.

दुसरा प्रकार स्मार्ट ट्रेनरचा. तो शक्ती मोजतो आणि सॉफ्टवेअरच्या आज्ञेनुसार रोधही बदलतो. यात मागचे चाक तसेच ठेवून वापरायचे ट्रेनर तुलनेने स्वस्त असतात. चाक काढून थेट साखळीला जोडायचे ट्रेनर महाग, पण अधिक अचूक आणि कमी आवाजाचे असतात. तिसरा प्रकार म्हणजे क्रँकला किंवा पेडलला बसवायचा पॉवर मीटर. तो रस्त्यावरही चालतो. ज्यांच्याकडे तो आहे, त्यांना घरात साधा ट्रेनरही पुरेसा होतो.

कोणतेही साधन घेताना ते ब्लूटूथ आणि अँट प्लस या दोन्ही पद्धतींनी माहिती पाठवते ना, हे विचारून घ्यावे. एकाच कंपनीच्या अ‍ॅपपुरते बांधलेले उपकरण स्वस्त वाटले, तरी पुढे अडचणीचे ठरते.

सराव करवून घेणारी सॉफ्टवेअर

या गटातील सर्वाधिक परिचित नाव झ्विफ्ट. काल्पनिक रस्त्यांवर जगभरातील सायकलपटूंसोबत सायकल चालवण्याचा आनंद ते देते. २०२४ मध्ये त्याचे मासिक शुल्क अमेरिकेत १४.९९ डॉलरवरून १९.९९ डॉलर झाले. त्याच धर्तीचे मायवूश मात्र विनामूल्य आहे. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची २०२४ची ई-स्पोर्ट्स जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्याच मंचावर झाली होती. तेव्हा फुकटचे म्हणजे हलक्या प्रतीचे, असे समजण्याचे कारण नाही. रूव्ही हे सशुल्क सॉफ्टवेअर खऱ्या रस्त्यांच्या चित्रफिती दाखवते. ट्रेनररोडचा भर चित्रांवर नसून शिस्तबद्ध सराव आराखड्यावर आहे. त्यालाही वर्गणी भरावी लागते.

वर्गणी भरायचीच असेल, तर वर्षाची भरण्याची घाई करू नये. जून ते सप्टेंबर असे चार महिनेच पैसे भरून नंतर ती थांबवता येते. पाऊस संपल्यावर लोहगडाच्या पायथ्याचा किंवा पवनानगरचा रस्ता मोकळा असताना पडद्यावरच्या रस्त्याचे भाडे का भरावे?

आकड्यांचा अर्थ लावणारी सॉफ्टवेअर

शक्तीच्या विश्लेषणासाठी तर खिशाला तोशीस लागण्याचे कारणच नाही. गोल्डन चीता हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर विनामूल्य चालते. सर्व नोंदी आपल्याच संगणकावर राहतात आणि इंटरनेट नसतानाही काम अडत नाही. त्याचे पर्याय इतके विपुल आहेत, की नवख्या माणसाला पहिले काही दिवस बिचकल्यासारखे होते. ज्यांना सोपे हवे, त्यांनी इंटरव्हल्स डॉट आयसीयू हे संकेतस्थळ पाहावे. त्याच्या मुख्य सोयी विनामूल्य असून इच्छा असल्यास आर्थिक साहाय्य देता येते. स्ट्राव्हावर नोंदी ठेवणे मोफत आहे, परंतु तंदुरुस्तीचा आलेख पाहण्यासाठी वर्गणी लागते.

या सर्वांचा पाया एकाच आकड्यावर उभा आहे. साधारण तासभर टिकवता येईल अशा शक्तीला एफटीपी म्हणतात. ती काढण्याची रूढ रीत अशी : शरीर नीट तापवून २० मिनिटे शक्य तितक्या जोराने, पण समान गतीने सायकल चालवावी आणि आलेल्या सरासरी वॉटच्या ९५ टक्के घ्यावेत. सरासरी २१० आली, तर एफटीपी सुमारे २०० होते. हृदयविकार वा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही चाचणी करू नये.

एफटीपीच्या पातळीवर एक तास केलेल्या श्रमाला १०० गुण धरतात आणि प्रत्येक सरावाचे मोल त्या मापाने ठरते. ४२ दिवसांच्या भारित सरासरीवरून तंदुरुस्ती आणि ७ दिवसांच्या सरासरीवरून थकवा दाखवला जातो. थकव्याची रेषा तंदुरुस्तीच्या फार वर गेली, की विश्रांती घ्यावी. नवशिक्याला एवढे दोन आलेख वाचता आले, तरी पुरे.

मावळातल्या अडचणी

शहरातील सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. मुसळधार पावसात वीज जाते, इंटरनेट अडखळते. बहुतेक स्मार्ट ट्रेनर विजेवर चालतात आणि खेळासारखी सॉफ्टवेअर जोडणी तुटताच कुचकामी होतात. साधा ट्रेनर आणि बॅटरीवरचा पॉवर मीटर असेल, तर सायकलचा छोटा संगणक नोंद करत राहतो. फाइल नंतर चढवता येते. मोठा पंखा ही चैन नव्हे, गरज आहे. घाम हेडसेट आणि हँडलवर ठिबकून गंज धरतो. म्हणून टॉवेल टाकावा आणि सराव संपल्यावर सायकल पुसावी. चाकावर चालणाऱ्या स्मार्ट ट्रेनरचे अंशांकन पहिली दहा मिनिटे चालवून झाल्यावरच करावे.

निवडताना विचारायचे प्रश्न

पैसे भरण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. आपल्याकडे असलेल्या ट्रेनरशी हे सॉफ्टवेअर जुळते का? इंटरनेट गेल्यावर नोंद वाचते का? आपल्या सर्व नोंदी फिट या प्रचलित स्वरूपात बाहेर काढता येतात का? आणि शर्यतीची संगत हवी आहे, की एकट्याने पाळायची शिस्त? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर सॉफ्टवेअर कितीही आकर्षक असले तरी ते टाळावे. वर्गणी बंद होताच वर्षांची मेहनत त्यात अडकून पडते.

सुरुवात करणाऱ्याने साधा ट्रेनर, वेगमापक आणि विश्लेषणासाठी एक विनामूल्य सॉफ्टवेअर एवढ्यावर पहिला पावसाळा काढावा. आठवड्यातून तीन दिवसांचा सराव सप्टेंबरपर्यंत टिकला, तर पुढच्या वर्षी पॉवर मीटरचा विचार करावा. ऑक्टोबरमध्ये घाट कोरडा झाला, की बोरघाट चढताना लागलेला वेळ आणि घरातले वॉट ताडून पाहावेत. सराव योग्य झाला की नाही, याचा निवाडा तेथे होतो, पडद्यावर नव्हे.