हावडा स्थानकातली सुई आणि दिल्लीतला कायदा

26 नोव्हेंबर 1933 रोजी हावडा स्थानकातील गर्दीत पाकूरच्या जमीनदार घराण्यातील तरुण अमरेंद्रचंद्र पांडे यांना एका अनोळखी माणसाचा धक्का लागला. दंडावर काहीतरी टोचल्याचे त्यांना जाणवले. 4 डिसेंबरला कलकत्त्यात त्यांचा मृत्यू झाला. रक्ताच्या तपासणीत निघाले ते प्लेगचे जंतू.

हे जंतू आले कोठून, याचा माग मुंबईत लागतो. डॉ. तारानाथ भट्टाचार्य यांनी 1932 मध्ये हाफकिन संस्थेकडे प्लेगच्या जंतूंचे कल्चर मागितले होते. बंगालच्या सर्जन-जनरलांच्या परवानगीवाचून ते मिळणार नाही, असे संस्थेने कळवले. पुढच्या वर्षी हेच डॉक्टर आर्थर रोडवरील संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात पोहोचले. प्लेगवर औषध सापडले असून त्याची परीक्षा घ्यायची आहे, हा त्यांचा दावा. तेथे मात्र त्यांना जंतूंवर काम करू देण्यात आले. अमरेंद्र यांचे सावत्र बंधू बिनयेंद्र यांच्याशी इस्टेटीवरून वाद होता, आणि त्या दिवसांत बिनयेंद्रही मुंबईतच होते. 1935 मध्ये दोघांना फाशीची शिक्षा झाली. 1936 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आणली. सुई टोचणारा हात कोणाचा, हे कधीच कळले नाही.

शिक्षा झाली ती खून आणि कटाच्या कलमांखाली. 1860 च्या दंडसंहितेत रोगप्रसाराविषयी दोन कलमे होती, 269 आणि 270. त्यांतील कठोर कलमातही कमाल शिक्षा दोन वर्षे. मारक जंतू नुसते बाळगण्याविरुद्ध तिच्यात एकही कलम नव्हते. आंतरराष्ट्रीय कायद्याचीही तीच गत होती: 1925 च्या जिनिव्हा मसुद्याने जंतूंचा वापर निषिद्ध ठरवला, पण तो राष्ट्राराष्ट्रांतील युद्धापुरता.

1972 च्या जैविक शस्त्रास्त्र कराराने निर्मिती आणि साठ्यावरही बंदी घातली. त्याच्या चौथ्या अनुच्छेदानुसार प्रत्येक सदस्याने आपल्या घटनात्मक पद्धतीने ही बंदी देशात अमलात आणायची असते. भारताने 1974 मध्ये करारास अनुसमर्थन दिले. धोकादायक सूक्ष्मजीवांच्या हाताळणीसाठी 1989 मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली नियम आले, परंतु जैविक शस्त्राला नाव घेऊन गुन्हा ठरवणारा कायदा संसदेने केला तो 2005 मध्ये. एकतीस वर्षांचा हा विलंब मला तरी समर्थनीय वाटत नाही. अखेर निमित्त झाले ते बिगर-सरकारी गटांना अशी शस्त्रे मिळू नयेत यासाठी सुरक्षा परिषदेने 28 एप्रिल 2004 रोजी केलेल्या 1540 व्या ठरावाचे.

सामूहिक संहाराची शस्त्रे आणि त्यांच्या वहनप्रणालींविषयीच्या या अधिनियमाची व्याख्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावी अशी आहे. तीत जंतूंची यादी नाही. रोगप्रतिबंध, संरक्षण किंवा अन्य शांततामय हेतूने ज्याचे समर्थन होऊ शकत नाही अशा प्रकारचा आणि अशा प्रमाणातला जंतू किंवा विष, म्हणजे जैविक शस्त्र. ही भाषा थेट 1972 च्या करारातून आली आहे. प्लेगचा जंतू लसीच्या प्रयोगशाळेत असणे गैर नाही. तोच जंतू त्याच नळीत दुसऱ्या हेतूने नेला की गुन्हा. अशी शस्त्रे बेकायदा बनवणे, मिळवणे, बाळगणे वा वाहून नेणे यांस किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कारावास आहे, आणि परदेशातील भारतीय नागरिकही या कायद्याच्या कक्षेत येतात. 2022 च्या दुरुस्तीने अशा कृत्यांना पैसा पुरवण्यावरही बंदी आली.

रासायनिक शस्त्रांच्या करारापाशी हेगमध्ये तपासनीस आहेत. जैविक कराराला तसे यंत्रणेचे बळ नाही. पडताळणीच्या मसुद्याची बोलणी 2001 मध्ये फिसकटली. त्यामुळे नळीचा हेतू ओळखण्याचे काम आजही मुख्यतः देशोदेशींच्या कायद्यांवर आणि संस्थांच्या दाराशी बसलेल्या माणसांवर येते. 1932 मध्ये हाफकिन संस्थेने परवानगीचा कागद मागितला, तेव्हा असा कोणताही करार अस्तित्वात नव्हता.