हजेरी आणि आपला उंबरा

नवलाख उंबरे हे मावळातले माझे गाव, तळेगाव दाभाड्याजवळचे. नावातले उंबरे झाडांचे की घरांचे, यावर कुणी वाद घालो. मला ते घरांचेच वाटत आले. मात्र आमच्या वस्तीच्या घरांना उंबरा असा नव्हताच. माझे आजोबा येसकर. रात्री वेशीवर बसायचे, परका माणूस दिसला की पाटलाला वर्दी द्यायची, जन्ममरणाची खबर चावडीवर न्यायची, सरकारी कागद पुढच्या गावाला पोचवायचा. राज्याची नजर गावावर फिरायची ती अशी आमच्या पायांनी! आणि त्याच आजोबांना मध्यरात्री कुणीही दाराशी येऊन जातीने हाक मारावी, त्यांनी उठावे. पाळत ठेवणारेही आम्हीच आणि उघड्यावर पडलेलेही आम्हीच. गावगाड्याचे गुणगान करणाऱ्यांना हे कधी दिसले नाही.

वतनदार महाराची ही गत, तर ज्यांना वतनही नव्हते त्यांचे काय? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आणला. पारधी, कैकाडी, मांगगारुडी यांची नावे वहीत चढली, बोटांचे ठसे घेतले गेले. गुन्हा शाबीत व्हायची गरज नव्हती. जन्म पुरेसा होता. दिवसरात्र हजेरी, गाव सोडायला परवाना, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. देशभरात तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. पुढे १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. वही बदलली, वहीतली माणसे फारशी बदलली नाहीत.

महाराष्ट्र शासनाने १९८२ साली बाबासाहेबांच्या चळवळीची साधने इंग्रजीत छापली. त्यांत मुंबई पोलिसांच्या गुप्त वृत्तांतांचे उतारे आहेत. कोणती सभा कुठे झाली, किती माणसे जमली, कोण काय बोलले, सारे टिपलेले. आमचे काही अभ्यासक म्हणतात, पोलिसांमुळे निदान इतिहास तरी उरला. मला हे उपकार मान्य नाहीत. आमचा इतिहास 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'नेही लिहिला आहे, आणि तो आमच्या बाजूने लिहिला आहे.

ज्याच्या सभांवर अशी नजर होती, त्याच माणसाने मार्च १९४७ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे दिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात काय मागितले? माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण. घटनेत हे कलम आले नाही. १९६२ साली खरक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रात्री दार ठोठावणे तेवढे बेकायदा ठरवले, पण खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही असे सांगितले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत दिले. त्यांचे म्हणणे खरे ठरायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने हा मूलभूत हक्क मानला.

आमचे तरुण कार्यकर्ते म्हणतात, खाजगीपणा ही बंगलेवाल्यांची चैन; भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत कसले खाजगी? त्यांना मी विचारतो, बंगलेवाल्याला चावडीवर हजेरीला कधी उभे केले होते? देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला, तोही दिल्लीत नव्हे. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. नवी वही उघडताना पहिले पान आपलेच का असते? न्यायालयाने २०१८ साली खाजगी कंपन्यांना आधार मागण्यापासून रोखले, पण सरकारी धान्यासाठी ते कायम ठेवले. म्हणजे ज्याला रेशन लागत नाही तो बराचसा सुटला.

माझ्या चुलतीचे आयुष्य भातलावणीत गेले. बोटांच्या रेघा झिजल्या आहेत. रेशन दुकानातल्या यंत्राला तिचा ठसा उमटत नाही. एकदा दुपारी ती चार वेळा अंगठा टेकवून रिकामी पिशवी घेऊन परत आली. "उद्या बोलावलंय, हजेरीला," म्हणाली. शब्द तिचाच.