गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजाचा पत्रव्यवहार आणि सहाशें साचे

(१)

पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनीं औंध येथें स्वाध्यायमंडळाच्या द्वारें वेदसंहिता सस्वर छापून काढल्या, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नकोच. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयाखालीं १९१८ च्या सुमारास सुरू झालेलें हें काम १९४८ मध्यें मंडळ पारडीस जाईपर्यंत येथें चाललें होतें. उदात्तादि स्वरांच्या खुणा अक्षरांच्या वरखालीं बिनचूक बसविणें म्हणजे खिळे जुळविणाराच्या धीराची कसोटीच होय. येथील अशी एक संहिता चाळीत असतां आम्हांस एका जुन्या पत्राचें स्मरण झालें. तें पत्र ५ डिसेंबर १६०८ चें असून गोमंतकांतून रोमला, जेझुइट संघाचे मुख्याधिकारी क्लॉडियो अक्वाविवा यांस लिहिलेलें आहे. लिहिणारा ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता पाद्री थॉमस स्टीफन्स. या देशाच्या भाषेंत व या देशाच्याच लिपींत ग्रंथ छापले जावे अशी आपली फार दिवसांची इच्छा असून, मलबारच्या भाषेंत तसें झालेंहि आहे. परंतु येथील अक्षरें युरोपांतल्याप्रमाणें चोवीस नसून एकेक अक्षर म्हणजे अख्खा उच्चार असल्यामुळें साचे सहाशेंपर्यंत करावे लागतात, ही अडचण आहे. तरी वरिष्ठांची आज्ञा झाल्यास काम होऊं शकेल, असा त्या पत्राचा आशय आहे.

क्रिस्तपुराण १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. एवढ्यावरून, पाद्री लोकांस आपल्या लिपीचा तिटकारा होता, असा निष्कर्ष पुष्कळ वेळां काढला जातो. आमच्या मतें निदान या ग्रंथकर्त्यापुरता तो निष्कर्ष टिकत नाहीं, आणि तो न टिकण्याचें कारण या पत्रव्यवहारांतच आहे. मात्र याच पत्रव्यवहारांत दुसऱ्या बाजूचाहि पुरावा आहे, आणि तो झांकून पहिला पुढें करणें हें संशोधकास शोभणारें नाहीं. दोन्हींचा येथें यथामति विचार करितों.

(२)

प्रथम हीं पत्रें कोणत्या संस्थेंतून निघालीं तें पाहूं. गोवें येथील सेंट पॉल कॉलेजाचा पाया १५४१ मध्यें घातला गेला. फ्रान्सिस झेव्हियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले, आणि पुढें तें कॉलेज संपूर्णपणें जेझुइटांच्या हातीं आलें. व्याकरण, तत्त्वज्ञान व ईश्वरशास्त्र हे विषय तेथें युरोपांतील विद्यापीठांच्या धर्तीवर शिकविले जात. हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ मध्यें आला तो याच कॉलेजांत. जुन्या गोव्यांत त्याच्या वास्तूची एक कमान तेवढी आज उभी आहे. परंतु तेथून निघालेलीं पत्रें रोम, लिस्बन इत्यादि ठिकाणच्या दप्तरांत राहिलीं. पाद्री योसेफ विकी यांनीं संपादिलेले ‘डॉक्युमेंटा इंडिका’चे अठरा खंड १९४८ ते १९८८ या काळांत प्रसिद्ध झाल्यापासून सोळाव्या शतकाचा तो भाग अभ्यासकांस सुलभ झाला आहे.

झेव्हियर हे स्वतः पॅरिस विद्यापीठाचे पदवीधर. १५ जानेवारी १५४४ रोजीं कोचीनहून सोबत्यांस लिहितांना, युरोपांतील विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसच्या, जाऊन वेड्यासारखें ओरडावें व विद्वानांस इकडे बोलवावें असें आपणांस वाटतें, असें ते म्हणतात. १५४५ मध्यें पॅरिसांत त्यांचें पत्र छापून निघालें. म्हणजे कॉलेज पुरतें उभें राहण्यापूर्वींच त्याचीं पत्रें विद्यार्थ्यांच्या वाचनांत येऊं लागलीं होतीं.

या पत्रांचे दोन प्रकार ओळखल्याशिवाय त्यांचा उपयोग करणें धोक्याचें आहे. संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनीं १५४२ मध्येंच असा दंडक घातला होता कीं, मुख्य पत्र कोणासहि दाखवितां येईल असें लिहावें, आणि खासगी किंवा नाजूक मजकूर निराळ्या कागदावर घालावा. आपल्या दप्तरांत मूळ पत्र व त्यासोबतची ‘पुरवणी’ यांचा जो संबंध, तोच येथें. पेशवे दप्तर चाळलेल्या मनुष्यास ठाऊक असतें कीं, पत्राच्या मायन्यांत शिष्टाचार आणि पुरवणींत राजकारण. जेझुइटांचीं वार्षिक वृत्तान्तपत्रें हीं दाखवावयाचीं. तीं युरोपांत मठामठांतून वाचलीं जात, आणि त्यांत यशाचा भाग ठळक व अपयशाचा पुसट असणें साहजिकच होय. उलट बापास, भावास किंवा एकट्या वरिष्ठास लिहिलेलें पत्र पुरवणीच्या मोलाचें.

दुसरी गोष्ट तारखांची. लिस्बनचीं जहाजें मार्च-एप्रिलांत निघून सप्टेंबर-ऑक्टोबरांत गोव्यास लागत, आणि परतीचा काफिला डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुटे. त्यामुळें या पत्रांच्या तारखांची गर्दी ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत आढळते. जहाज बुडण्याच्या भयानें एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या जहाजांनीं रवाना करीत. उत्तर येण्यास दीड-दोन वर्षें सहज लागत. प्रतींमधील पाठभेद पाहतांना संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

(३)

आतां स्टीफन्सचीं तीन पत्रें एकापुढें एक ठेवूं.

हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचा. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर रोजीं तो गोव्यास पोंचला, आणि १० नोव्हेंबर रोजीं त्यानें बापास पत्र घातलें. हॅक्लुइटनें १५८९ मध्यें आपल्या प्रवाससंग्रहांत तें छापिलें. त्यांत धर्माचा मजकूर अल्प. वारे, होकायंत्राचा फरक, उडते मासे, शार्क आणि हिरड्या सुजवून माणसें मारणारा रोग हाच विषय मुख्य. दीडशेंवर माणसें आजारी पडून सत्तावीस मेलीं, आणि इतर वर्षांच्या मानानें हा आंकडा थोडाच समजला गेला, असें तो लिहितो. या देशाच्या भाषेविषयीं त्यांत विचार नाहीं. तो नुकता उतरलेला परकी होता.

दुसरें पत्र २४ ऑक्टोबर १५८३ चें, म्हणजे त्याच्या गोव्यांतील आगमनास बरोबर चार वर्षें झालीं त्या दिवसाचें. तें लॅटिनमध्यें असून भाऊ रिचर्ड यास लिहिलेलें आहे. येथील भाषा अनेक आहेत, त्यांचे उच्चार कानास कटु नाहींत आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिनशीं जुळती आहे, असें त्यानें त्यांत सांगितलें. सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास याच साम्याचा उच्चार केला तो १७८६ सालीं. स्टीफन्सचें पत्र खासगी असल्यामुळें तें छापून निघण्यास विसावें शतक उजाडावें लागलें, आणि तोंवर त्यांतील निरीक्षण कोणाच्याच उपयोगीं पडलें नाहीं. परंतु आम्हांस याहून महत्त्वाचें वाटतें तें त्याच्या लगतचें वाक्य. व्यंजनांचा स्वरांशीं आणि व्यंजनांचा अंतःस्थांशीं जितका संयोग होईल तितकीं अक्षरांचीं रूपें बदलतात, असें तो सांगतो. हा आपल्या वर्णमालेचा व बाराखडीचा नेमका विचार होय. शिक्षापाठ केलेल्या विद्यार्थ्यानें लिहावें तसें हें चार वर्षांच्या आंत परदेशीयानें लिहिलें आहे.

तिसरें पत्र पंचवीस वर्षांनंतरचें, म्हणजे आरंभीं सांगितलेलें १६०८ चें. भावास लिहितांना ज्या गोष्टीचें त्यास कौतुक वाटलें, तीच गोष्ट वरिष्ठास लिहितांना अडचण होऊन उभी राहिली आहे. मध्यंतरीं तो साष्टींतील लोकांत राहिला, त्यांची भाषा बोलला. त्याचें कौतुक कमी झालें असें नव्हे, तर त्या कौतुकाची किंमत शिशाच्या वजनांत मोजण्याची वेळ आली.

(४)

सहाशें हा आंकडा कोठून आला? चौतीस व्यंजनें बाराखडीप्रमाणें मांडलीं कीं ४०८ अक्षरें होतात. उरलेलीं सुमारें १९२ स्वर व जोडाक्षरें यांच्या वांट्यास जातात. हा आमचा अदमास आहे. पण त्यावरून असें दिसतें कीं, प्रत्येक अक्षर काना-मात्रेसह एकसंध ओतावयाचें, असा त्याचा हिशेब होता. त्या काळीं गोव्यांत गांवकरीचे कागद कंदवी लिपींतहि लिहीत, म्हणून ‘देशाची लिपि’ म्हणजे देवनागरीच काय, अशी शंका कोणी घेईल. तथापि बाराखडी दोन्ही लिप्यांस सारखीच लागू असल्यानें हिशेबांत फरक पडत नाहीं.

ही अडचण काल्पनिक नव्हती. तमिळ खिळे १५७७-७८ मध्येंच तयार होऊन कोल्लम येथें पुस्तक छापलें गेलें होतें. परंतु तमिळ वर्णमालेंत व्यंजनें थोडीं आणि जोडाक्षरांचा जाच नाहींच म्हटलें तरी चालेल. आपल्याकडे मिरजेस १८०५ मध्यें भगवद्गीता छापली ती खिळे जुळवून नव्हे, तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. त्याच वर्षीं श्रीरामपुरास केरीचें मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनीं निघालें. त्याहि पुढें एका शतकानें लोकमान्य टिळकांस खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठीं डोकें चालवावें लागलें. मग १६०८ मध्यें राचोलच्या लहानशा मंडळीस तें साधलें नाहीं यांत नवल तें काय? आठ वर्षांनीं दहा हजार नऊशें बासष्ट ओंव्यांचा हा ग्रंथ रोमन अक्षरांत निघाला. १६४९ व १६५४ मध्यें तो पुनः छापला गेला. १९०७ मध्यें मंगळुरास सालढाणा यांनीं काढलेली आवृत्तीहि रोमनच. पुढें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत जस्टिन ॲबट यांनीं लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत विद्वानांच्या नजरेस आणिली, आणि १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति प्रसिद्ध केली. सहाशें साच्यांची इच्छा ग्रंथकर्त्याच्या पश्चात् सुमारें तीन शतकें व सदतीस वर्षांनीं अशी फळास आली.

(५)

आतां दुसरी बाजू. कॉलेजांतील लुइश फ्रॉइश यांच्या १५५९ च्या एका पत्रांत अशी हकीकत आहे कीं, ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणानें दुसऱ्या ब्राह्मणाच्या घरीं पोथ्या असल्याची बातमी दिली. गव्हर्नराची परवानगी मिळवून त्या घरांतून पोथ्या उचलण्यांत आल्या व कॉलेजांत आणिल्या गेल्या. व्यासांच्या अठरा ग्रंथांचें भाषान्तर करण्यांत त्या पोथ्यांच्या धन्याचीं कित्येक वर्षें गेलीं होतीं. कॉलेजांत त्यांचा अभ्यास झाला तो मुख्यतः वादांत खंडन करण्याकरितां. पोर्तुगालांत ब्रागा येथील ग्रंथालयांत रोमन लिपींत उतरलेल्या रामायण-महाभारताच्या कथा आज आढळतात. जुन्या कोंकणी गद्याचा तो अमोल ठेवा अशाच उद्योगाचें फळ होय.

१५६७ मध्यें साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें रुदोल्फ अक्वाविवा आदिकरून पांच जेझुइट मारले गेले. हे रुदोल्फ म्हणजे अकबराच्या दरबारीं जाऊन आलेले, आणि १६०८ चें पत्र ज्यांस गेलें त्या क्लॉडियोंचे पुतणे. भावास लिहिलेल्या त्याच पत्रांत स्टीफन्स हा प्रसंग सांगतो. परंतु त्यानंतर कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार केलें, त्यांच्या घरच्या माणसांनीं कोणास काय लिहिलें? एका बाजूचें पत्र जहाजांनीं तीन-तीन प्रतींत गेलें. दुसऱ्या बाजूस सांगोवांगी तेवढी राहिली. ज्याच्या पोथ्या गेल्या त्याची फिर्याद दप्तरांत नाहीं. त्याची वार्ता आपणांस कळते ती घेणाराच्याच लेखणीनें. पुढें १६८४ मध्यें तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम निघाला, आणि ज्या भाषेसाठीं साचे मागितले गेले तिलाच राज्यकर्त्यांनीं दार दाखविलें.

(६)

या सर्वांवरून आमचें म्हणणें इतकेंच कीं, सेंट पॉल कॉलेजाची मंडळी एकजिनसी नव्हती, व तिचा पत्रव्यवहारहि नव्हता. एकाच टपालांतून पोथी हिरावल्याचा आनंद आणि पोथीच्या लिपीविषयींची आस्था अशा दोन्ही गोष्टी समुद्रापार गेल्या. स्टीफन्सच्या आस्थेनें फ्रॉइशच्या पत्रांतील अन्याय धुऊन निघत नाहीं. आणि त्या अन्यायामुळें स्टीफन्सची आस्था खोटीहि ठरत नाहीं. क्रिस्तपुराणाच्या मराठीवर पूर्वीच्या कवींच्या ओंवीचें ऋण स्पष्ट दिसतें. ती ओंवी कॉलेजाच्या भिंतींच्या आंत कोणत्या वाटेनें आली, हें सांगतांना जप्त केलेल्या पोथ्यांचा विचार टाळतां येत नाहीं.

संग्राहकांस आमची विनंति अशी. घराण्याच्या दप्तरांत सनदा व महजर जपले जातात, आणि भावानें भावास लिहिलेलें, बाजारभाव व दुखण्याबाण्याचें पत्र रद्दींत जातें. बापास दर्यावरील वाऱ्याची आणि भावास अक्षरांच्या घडणीची हकीकत लिहिणारा मनुष्य अशाच कागदांत आम्हांस भेटला. वार्षिक वृत्तान्तांत तो भेटला नसता. तेव्हां पत्र हातीं आलें कीं प्रथम तें कोणीं कोणास लिहिलें व दाखवावयाचें कीं झांकावयाचें हें पाहावें, आणि पुरवणी मूळ पत्रापासून निराळी करूं नये. ज्या ब्राह्मणाचें नांव आज घेतां येत नाहीं त्याच्या पोथ्यांपैकीं एखादें पान कोणाच्या संग्रहीं निघालें, तर तें गोमंतकाच्याच नव्हे, सर्व मराठी वाङ्मयाच्या इतिहासास उपकारक होईल.